आठ की तीन?

सेवानिवृत्त मनुष्याने आपला वेळ कसा घालवावा, याविषयी सेवानिवृत्त न झालेल्या लोकांची मते फार निश्चित असतात. आम्ही नोकरीतून मोकळे झालो त्या आठवड्यात आमच्या हितचिंतकांनी ज्ञानेश्वरीचे पारायण, गृहसंस्थेचे चिटणीसपद, गुडघ्यांसाठी आसने आणि नातवाची शिकवणी असे चार मार्ग आम्हांस सुचविले. आम्ही या चारही मार्गांना मनोभावे नमस्कार केला आणि पाचवा धरिला. हाती आलेल्या पैशांतून आम्ही एक दुर्बीण विकत घेतली.

ही दुर्बीण दोन नळ्यांची, गळ्यात अडकविण्याची नव्हे. ती एकाच डोळ्याने पाहावयाची व तिवईवर बसवावयाची असते. तिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. पुढच्या भिंगाचा व्यास 80 मिलिमीटर, आणि वस्तू 20 पासून 60 पट मोठी करून दाखविण्याची शक्ती. ती घरी आली त्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी तिची किंमत विचारली. आम्ही तिचे वजन सांगितले. संसारात काही प्रश्नांची उत्तरे अशीच द्यावी लागतात.

आमचे बिऱ्हाड नेरुळास. सिडकोची स्थापना 1970 साली झाली, आणि मिठागरे, भातखाचरे व आगरी-कोळ्यांची गावे यांच्या मधून हे नवे शहर आखले गेले. शहरास जुनी वास्तू नाही, तीर्थ नाही, पेठा नाहीत, असे पुण्याचे आमचे मेव्हणे प्रत्येक भेटीत सांगतात. परंतु पामबीच मार्ग ओलांडून पश्चिमेस गेले की खारफुटीची हिरवी भिंत लागते आणि तिच्यापलीकडे ठाण्याच्या खाडीचा चिखल पसरलेला दिसतो. त्या चिखलावर हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत हजारो रोहित पक्षी उतरतात. त्यांसच फ्लेमिंगो म्हणतात. पुण्यात पेठा आहेत हे आम्ही मान्य करितो. परंतु पेठांत रोहित उतरत नाहीत.

या पाहुण्यांत दोन जाती आहेत. एक उंच व फिकट, दुसरी ठेंगणी व गडद गुलाबी. ठेंगण्याच्या चोचीत बारीक चाळणी असते. मान खाली घालून, चोच उलटी धरून तो पाण्यातील सूक्ष्म नीलहरित शेवाळ गाळून खातो, आणि त्या अन्नातील रंगद्रव्यानेच त्याचे पंख रंगतात. 1990 नंतरच्या दशकात हे पक्षी या खाडीत मोठ्या संख्येने दिसू लागले. 2015 साली खाडीचा सुमारे सतरा चौरस किलोमीटरांचा भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि 2022 साली ठाणे खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

पहिल्याच सकाळी आम्ही दुर्बिणीस डोळा लाविला आणि अर्ध्या मैलावरचा रोहित हाताच्या अंतरावर आला. त्याच्या पिवळसर डोळ्याची कड दिसली, चोचीवरून निथळणारा थेंब दिसला. असे काही दिसले की ते दुसऱ्यास दाखविल्यावाचून मनुष्यास राहवत नाही. आम्ही खिशातील मोबाइल काढिला, दुर्बिणीच्या नेत्रभिंगावर टेकविला आणि कळ दाबली. घरी येऊन तो पराक्रम सौभाग्यवतींपुढे ठेविला. त्यांनी चष्मा लावून, मोबाइल दूर धरून, जवळ धरून पाहिला व म्हणाल्या, “अहो, हा गुलाबजाम कुणाकडचा?”

येथून आमच्या शिक्षणास आरंभ झाला.

दुर्बिणीस छायाचित्रयंत्र जोडून पक्षी टिपण्याची ही रीत फार जुनी नाही. 1999 च्या सुमारास लॉरेन्स पो नावाच्या मलेशियातील पक्षिनिरीक्षकाने आपले लहानसे डिजिटल यंत्र दुर्बिणीच्या नेत्रभिंगाशी धरून पाहिले; निघालेली चित्रे पाहून जगभरचे पक्षिवेडे चकित झाले आणि ही रीत रूढ झाली. हे वाचून आम्हांस धीर आला. जे मलेशियात हाताने धरून साधले ते नेरुळात का साधू नये? परंतु ते साधेना. आणि का साधेना, हे समजण्यात आमचे दोन हिवाळे गेले.

पहिला शत्रू कंप. दुर्बीण पक्ष्यास जितके पट मोठे करिते तितकेच पट हाताच्या थरथरीसही मोठे करिते. मोबाइलच्या काचेस बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी पक्षी चित्रभर नाचतो. आम्ही मोबाइल दुर्बिणीस घट्ट पकडणारी जोडणी घेतली. तिवईचा मधला दांडा वर काढावयाचे सोडून दिले, कारण तो वर काढला की तीन पायांची तिवई एकपायी होते. तिवईखाली पाण्याच्या बाटल्यांची पिशवी टांगली. आणि कळ दाबल्यानंतर दोन सेकंदांनी चित्र निघेल अशी योजना केली. त्या दोन सेकंदांत दुर्बीण स्थिर होते. पक्षी मान वळवितो, ती गोष्ट निराळी.

दुसरा शत्रू लोभ. ज्यास 60 पट मिळते तो 20 पटींवर का थांबेल? परंतु येथे एक साधे गणित आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासास पटींनी भागिले असता नेत्रभिंगातून बाहेर येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. 80 ला 20 ने भागिले की 4 मिलिमीटर. 60 ने भागिले की जेमतेम सव्वा. मोबाइलच्या भिंगाचे छिद्र साधारण चार मिलिमीटरांच्या आसपासचे. म्हणजे 20 पटींवर ते प्रकाशाने भरून जाते आणि 60 पटींवर त्यास नववा हिस्सा प्रकाश मिळतो. मग बिचारे यंत्र चित्र अधिक वेळ उघडे ठेविते, त्या वेळात सर्व काही हलते, आणि जे हलत नाही त्यावर रवाळ दाणे उठतात. थोडे मागावे आणि स्वच्छ मिळवावे, हा उपदेश आम्ही आयुष्यभर इतरांस केला होता. तो आमच्यावर उलटण्यास भिंग निमित्त झाले.

तिसरा शत्रू आपलाच डोळा. तरुण डोळा फार सोशीक असतो. दुर्बिणीची स्पष्टता किंचित चुकलेली असली तरी डोळ्यातील भिंग आपण होऊन ती चूक सांभाळून घेते व मनुष्यास वाटते, सर्व ठीक आहे. मोबाइल तीच चूक सांभाळावयास जातो, मागेपुढे चाचपडतो आणि बहुधा फसतो. आमचा नातू दुर्बीण लावी तेव्हा त्यास पक्षी लख्ख दिसे आणि चित्र पुसट निघे. आम्ही लावीत असू तेव्हा चित्र बरे निघे. कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आमच्या डोळ्यात बसविलेले कृत्रिम भिंग कोणाचीच चूक सांभाळीत नाही. म्हातारपणाचा हा एक लाभ आम्ही येथे कृतज्ञतेने नोंदवून ठेवितो. खरा उपाय मात्र असा, की डोळ्याने लाविलेली स्पष्टता मोबाइलच्या पडद्यावर मोठी करून पुन्हा लावावी, मोबाइलची स्वयंचलित दृष्टी तेथेच अडकवून ठेवावी, आणि प्रकाश थोडा कमी करावा. नाहीतर पांढरी पिसे चुन्याने सारविल्यासारखी दिसतात.

चौथा शत्रू या सर्वांहून थोर, आणि त्याच्यापुढे पैसा चालत नाही. तो म्हणजे ऊन लागलेली हवा. दहा वाजून गेले की तापलेल्या चिखलावरून हवेच्या लाटा उठू लागतात. चुलीवरच्या तव्यापलीकडे भिंत हलताना दिसते, तसा पक्षी हलू लागतो. अंतर जितके अधिक तितकी हवा अधिक, आणि दुर्बीण जितकी मोठी तितक्या लाटाही मोठ्या. त्यावर उपाय एकच: सकाळी लवकर जावे आणि पक्षी जवळ येईल तेव्हा पाहावे. आपण चिखलात उतरून जवळ जाऊ नये. थवा एकदा उठला की त्याची अन्नाची घटका वाया जाते, आणि आपल्या हाती पाठमोऱ्या पक्ष्यांचे चित्र येते.

पक्षी जवळ केव्हा येईल? हे आम्हांस कोणत्याही पुस्तकाने सांगितले नाही. आमच्या इमारतीखाली मासे घेऊन येणाऱ्या कोळीण मावशींनी सांगितले. भरतीचे पाणी चढू लागले की चिखल आकसतो आणि पक्षी कडेकडेला सरकतात. आणि भरती केव्हा, हे पाहण्यास घड्याळ नको, तिथी पुरे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ, पौर्णिमेस सव्वाअकरा. खाडीच्या आत पाणी पोहोचण्यास थोडा अवधी धरावा. “मास्तर, पंचांग तुमच्या घरात, आणि पाणी आम्ही सांगायचं का?” असे त्या म्हणाल्या. आम्ही मास्तर नव्हतो, परंतु त्या क्षणी विद्यार्थी निश्चित होतो.

पौर्णिमा-अमावास्येस उधाण मोठे, पण भरती ऐन उन्हात. अष्टमीस वेळ उत्तम, पण भांगाचे पाणी थोडे. पक्षी दूरच राहतात. दोन्हींचा मेळ बसतो तो एकादशीस. भरती सव्वाआठला, पाणी वाढीला लागलेले, हवा थंड, आणि आमच्या किनाऱ्यावरून खाडी पश्चिमेस असल्यामुळे सूर्य पाठीशी. एकादशीस आम्ही पहाटे उठून बाहेर पडू लागलो, तेव्हा शेजाऱ्यांचा आमच्याविषयी फार चांगला ग्रह झाला. तो आम्ही दूर केला नाही.

असो. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगितली पाहिजे. ती आमच्या प्रतिष्ठेची नाही.

पक्ष्यांच्या पायात खुणेचे कडे अडकविण्याची शास्त्रीय रीत डेन्मार्कमधील मॉर्टेन्सेन नावाच्या एका शाळामास्तरांनी 1899 साली सुरू केली. त्यांनी मैनांच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत क्रमांक घातलेली हलक्या धातूची कडी बसविली. 1883 साली स्थापन झालेली आपली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीही हे काम कित्येक दशके करीत आली आहे. 2022 साली तिने या खाडीतील काही रोहितांवर उपग्रहास ठावठिकाणा कळविणारी यंत्रेही बसविली. कड्यावरची अक्षरे दुसऱ्या कोणी दुसऱ्या गावी वाचून कळविली, म्हणजे तो पक्षी कोठून कोठे गेला, किती वर्षे जगला, हे समजते. कोणाचा तरी हात त्या पक्ष्यास एकदा लागलेला असतो. आपण केवळ पत्राची पोच द्यावयाची असते.

गेल्या फेब्रुवारीत आम्हांस असा एक पक्षी दिसला. उंच जातीचा, पायाच्या वरच्या भागात कडे, त्यावर काही अक्षरे. उन्हे वर आली होती, तिथी सोयीची नव्हती, अंतर पुष्कळ होते. आमचे हात कापू लागले. आम्ही लोभाने 60 पटी लाविल्या, दहा-बारा चित्रे घेतली, आणि पक्षी चालत चालत थव्यात मिसळून गेला. घरी पडद्यावर पाहू लागलो. आरंभीची अक्षरे कशीबशी लागत होती. शेवटचा आकडा मात्र 8 होता, की 3 होता, की इंग्रजी ‘बी’ होते, ते कळेना.

आमचा नातू म्हणाला, “आजोबा, द्या इकडे.” त्याने त्यांतील एक चित्र एका संगणकीय योजनेच्या हवाली केले. ही योजना पुसट चित्र सुस्पष्ट करिते. अर्ध्या मिनिटात चित्र परत आले, आणि काय वर्णावे! पिसे न्‌ पिसे वेगळी, कड्याची कड रेखीव, आणि त्यावर, सुलेखनाच्या वहीतून उतरविल्यासारखा, 8. आम्ही त्याच रात्री ज्या ठिकाणी अशा नोंदी कळवितात तेथे ती कळविली. चित्रही पाठविले. ‘प्रत्यक्ष वाचले’ या रकान्यात खूण केली. आम्हांस शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी केवळ कौतुकाने नातवाने त्याच मिनिटात घेतलेले दुसरे चित्र त्याच योजनेस दिले. ते चित्र परत आले तेव्हा पिसे तशीच वेगळी होती, कड्याची कड तशीच रेखीव होती, आणि त्यावर तितकाच सुंदर, तितकाच निःशंक असा 3 होता.

घरात बराच वेळ कोणी काही बोलले नाही. नातू इतकेच म्हणाला, “म्हणजे याला दिसत नव्हतंच. हे मनानंच लिहितंय.” तो यंत्राविषयी बोलत होता. परंतु ते वाक्य आम्हांस लागू होते. यंत्राचा तर तो धर्मच; त्याने हजारो पक्ष्यांची चित्रे पाहिलेली असतात आणि जेथे काही दिसत नाही तेथे साधारण जे असते ते ते भरते. ‘प्रत्यक्ष वाचले’ अशी खूण त्याने केली नव्हती. ती आम्ही केली होती. आम्ही काही वाचले नव्हते. आम्हांस वाचावयाचे होते, एवढेच.

कोणी म्हणेल, एका आकड्याने काय बिघडते? आम्हीही आमच्या मनाशी हेच म्हणून पाहिले. परंतु ही खाडी म्हणजे काही निवांत तपोवन नव्हे. 2024 च्या मे महिन्यात घाटकोपरच्या आकाशात विमानाची धडक लागून जवळजवळ चाळीस रोहित मेले. त्याच उन्हाळ्यात नेरुळच्या तळ्यापाशीही रोहित मेलेले आढळले, आणि तळ्यात येणारे भरतीचे पाणी अडल्याची तक्रार वृत्तपत्रांपर्यंत गेली. 2025 साली नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. कोणती पाणथळ जागा राखावी, कोणती बुजवावी, पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात, असे वाद येथे नित्य चालू आहेत. आणि अशा वादात पक्ष्यांस स्वतःचा वकील नसतो. आमच्यासारख्या लोकांच्या वह्याच त्यांची साक्ष. साक्षीदाराच्या शंभर गोष्टी खऱ्या असल्या आणि एक बनावट निघाली, की विरुद्ध पक्षाचा वकील ती एकच उचलतो. शिवाय, त्या कड्याच्या दुसऱ्या टोकास कोणीतरी मनुष्य बसलेला आहे. आम्ही त्यास दुसऱ्याच पक्ष्याची पोच धाडिली होती. मेलेल्या पक्ष्यास जिवंत करणारी, किंवा गुजरातेतल्यास नेरुळात आणणारी.

आम्ही पत्र लिहिले. नोकरीत असताना आम्ही पुष्कळ पत्रे लिहिली. त्यांतील बहुतेकांचा हेतू चूक दुसऱ्याची आहे हे सांगण्याचा होता. हे पत्र अवघे चार ओळींचे, पण त्यास सारी दुपार लागली. ‘कळविलेला क्रमांक आम्ही वाचलेला नाही. चित्र यंत्राने सुधारलेले होते. मूळ चित्रे सोबत जोडिली आहेत. नोंद रद्द करावी.’ नातू शेजारी बसून पाहत होता. पत्र गेल्यावर तो म्हणाला, “मी सांगितलं म्हणून तुम्ही केलं आजोबा, माझं नाव का नाही घातलं?” आम्ही म्हटले, “खूण माझ्या बोटाने केली होती, बाळ.” उत्तर दोन दिवसांनी आले, तेही चार ओळींचेच. त्यांनी आभार मानले होते, मूळ चित्रे जपून ठेविली होती, आणि आकडा त्यांसही लागला नव्हता.

त्यानंतर आम्ही तीन एकादश्या केल्या, त्याही खऱ्या उपवासाच्या. कारण परत येईपर्यंत सौभाग्यवतींची साबुदाण्याची खिचडी गार झालेली असे. तिसऱ्या एकादशीस पाणी चढत आले, हवा स्तब्ध होती, सूर्य पाठीशी होता. थवा सरकत सरकत खारफुटीपाशी आला आणि त्यात कडे असलेला एक पक्षी होता. आम्ही 30 पटींवर थांबलो. स्पष्टता डोळ्याने लाविली, पडद्यावर पुन्हा लाविली. श्वास रोखिला. दोन सेकंद मोजिले. चित्र निघाले. त्यात त्या पक्ष्याच्या गळ्यावरचे एकेक पीस मोजून घ्यावे असे स्वच्छ आले होते. पायावरची ओल चकाकत होती. कड्याची वरची कड, तिच्यावरचा ओरखडाही दिसत होता. आणि कड्याच्या अक्षरांवर, अगदी शेवटच्या आकड्यासुद्धा, खाडीचा काळा चिखल वाळून बसला होता.

आम्ही हसलो. नातूही हसला. पक्षी तोच की दुसरा, तेही सांगता येण्यासारखे नव्हते.

घरी आल्यावर नातवाने आमची वही उघडली आणि आपल्या वळणदार अक्षरात नोंद केली. तारीख, तिथी, भरतीची वेळ, दिशा. मग थोडे थांबून पुढे लिहिले: ‘पायात कडे आहे. अक्षरे चिखलाने झाकलेली. वाचता आली नाहीत.’ ते चित्र आम्ही सौभाग्यवतींस दाखविले. त्यांनी चष्मा लावून, मोबाइल दूर धरून, जवळ धरून पुष्कळ वेळ पाहिले. “आता मात्र पक्षी आहे हो,” त्या म्हणाल्या, आणि खिचडी पुन्हा गरम करावयास उठल्या.